ताटातील सूक्ष्म खनिजांचे मोजमाप

जस्त, तांबे, आयोडीन, सेलेनियम ही खनिजे शरीराला अत्यल्प लागतात. परंतु तेवढीही न मिळाल्यास आजार उद्भवतात. प्रौढ माणसाला सेलेनियम दिवसाकाठी सुमारे ५५ मायक्रोग्रॅम पुरते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. इतकी लहान मात्रा एखाद्या देशातील जनतेला रोजच्या जेवणातून मिळते की नाही, हे ठरवायचे कसे?

सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे लोकांना आदल्या दिवशीचे खाणे विचारायचे आणि अन्नघटकांच्या तक्त्यावरून हिशेब मांडायचा. उष्मांक वा प्रथिनांसाठी तो चालतो. सेलेनियमसाठी तो फसवा ठरतो, कारण धान्यातील सेलेनियम ते कोणत्या जमिनीत पिकले यावर अवलंबून असते. दोन प्रदेशांतील गव्हांत दहापटींहून अधिक फरक आढळू शकतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये ५२८ खाद्यपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले, तेव्हा देशाच्या सहा विभागांतून नमुने घेतले होते. तरीही सरासरी ती सरासरीच.

म्हणून प्रत्यक्ष अन्नच तपासले जाते. एका पद्धतीत व्यक्ती दिवसभर जे खाते-पिते, त्याचा तेवढाच दुसरा वाटा बाजूला काढून प्रयोगशाळेत पाठवतात. ही पद्धत अचूक, पण खर्चिक. शिवाय आपले ताट मोजले जाते आहे, हे ठाऊक असल्याने माणसे नकळत कमी खातात. दुसऱ्या पद्धतीत लोक सामान्यतः जे विकत घेतात, ते बाजारातून आणून, घरच्याप्रमाणे शिजवून तपासतात. दोहोंत भेसळीचे भय मोठे. अन्न वाटणाऱ्या यंत्राचे पोलादी पातेसुद्धा नमुन्यात क्रोमियम व निकेल सोडते. अशा वेळी टायटॅनियमचे पाते वापरावे लागते.

या मोजमापाचे महत्त्व फिनलंडने दाखवून दिले. तेथील आम्लधर्मी जमिनीतून पिकांना सेलेनियम फारसे मिळत नाही. १९७०च्या दशकात हेलसिंकी विद्यापीठातील पेक्का कोइविस्तोइनेन व सहकाऱ्यांनी देशातील अन्नपदार्थांचे व्यापक विश्लेषण केले. तेव्हा फिनिश माणसाच्या आहारात जेमतेम २५ ते ४० मायक्रोग्रॅम सेलेनियम असल्याचे दिसले. पीक बुडालेल्या वर्षी अमेरिकेचा गहू आयात झाला की आकडा वाढे!

१९८४ मध्ये सरकारने रासायनिक खतांतच सेलेनियम मिसळण्याचे ठरवले. धान्याच्या खतात किलोमागे १६ मिलिग्रॅम. त्याबरोबरच धान्य, दूध, मांस यांची व निरोगी प्रौढांच्या रक्ताची नियमित तपासणी सुरू झाली. काही वर्षांतच आहारातील प्रमाण १०० मायक्रोग्रॅमच्या वर गेले. सेलेनियम अति झाल्यास केस गळतात, नखे ठिसूळ होतात. ती वेळ आली नव्हती, तरी अपेक्षेहून अधिक वाढ दिसताच १९९० मध्ये ही मात्रा ६ मिलिग्रॅमवर आणली गेली. मग प्रमाण फारच उतरू लागले, म्हणून १९९८ मध्ये १० आणि २००७ मध्ये १५ मिलिग्रॅम करण्यात आली.