गोंदण, टॅटू आणि मुलाखतीची खोली

आमच्या आजीच्या हातावर तुळस गोंदलेली होती. मनगटाच्या वर विंचू, कपाळावर हिरवा ठिपका. लहानपणी गोंदणारीण दारी आली, काजळी कालवली, तीन-चार सुया एकत्र बांधून टोचल्या आणि वरून हळद लावली. आजी म्हणायची, "मेल्यावर सारं इथंच राह्यते बापा, गोंदण तेवढं संगं येते."

१९५६ साली नागपुरात दीक्षा झाली आणि दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या घरातले देव पूर्णा नदीत गेले. भिंतीवरचे गेले, देव्हाऱ्यातले गेले. हातावरची तुळस मात्र कुठे विसर्जित करणार? आजीने पंचशील घेतले ते त्याच हातांनी. त्या हातांची लाज वाटली ती आजीला नाही, पुढच्या पिढीला.

घरातली पहिली शिक्षिका म्हणजे आमची आत्या. लहानपणी तिच्याही हातावर गोंदले होते. अकोल्याच्या मे महिन्यात, रस्त्यावरचे डांबर पाघळते अशा उन्हात, ती पूर्ण बाह्यांचे ब्लाऊज घालून शाळेत जायची. खरे तर वऱ्हाडात कुणबी, माळी, तेली अशा कितीतरी घरांतल्या बायांच्या हातांवर गोंदण होते. पण स्टाफरूममध्ये प्रश्न आत्यालाच यायचा, "तुमच्यात अजून हे करतात का?" 'तुमच्यात' या एका शब्दात सगळे आले. दुसरीचे गोंदण 'परंपरा' आणि आमचे 'अडाणीपणा', असा हा न्याय होता.

मित्रांनो, शरीरावरच्या खुणेचा इतिहास हा सत्तेचा इतिहास आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीत, १७९७ च्या बंगालच्या नियमाने, जन्मठेपेच्या कैद्याच्या कपाळावर त्याचा गुन्हा गोंदवला जाई. सरकारी कागदांत त्या शिक्षेला 'गोदना' म्हणत, म्हणजे आपलाच शब्द. ही शिक्षा १८४९ मध्ये बंद झाली. मानसिकता बंद झाली का? १९९३ साली अमृतसरमध्ये पोलिसांनी सांसी समाजातल्या बायांच्या कपाळावर 'जेबकतरी' असे गोंदवले. ज्या जमातीवर इंग्रजांनी गुन्हेगारीचा शिक्का कागदावर मारला होता, तिच्यावर स्वतंत्र भारताच्या पोलिसांनी तो कातडीवर मारला. पोलिसांना शिक्षा व्हायला २०१६ साल उजाडले.

आता बाबासाहेबांकडे येऊ. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला ते स्त्रियांशी बोलले. लुगडे नेसण्याच्या पद्धतीविषयी बोलले, अंगावरच्या जड दागिन्यांविषयी बोलले. ज्या खुणांवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखल्या जाता त्या टाका, हा त्याचा आशय होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमरावतीत अंबादेवी मंदिराच्या प्रश्नावर परिषद झाली होती. बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते. वऱ्हाडाला हा विचार नवा नव्हता.

मग आजची पोरे दंडावर 'जयभीम' का गोंदवतात? दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनी टॅटूच्या दुकानांपुढे रांगा का लागतात? कुणी म्हणेल, बाबासाहेबांनी खुणा टाकायला सांगितल्या आणि तुम्ही नव्या घेता. आम्हाला हा आक्षेप अर्धाच पटतो. बाबासाहेबांनी टाकायला लावली ती दुसऱ्याने लादलेली खूण होती. 'जयभीम' ही आपण निवडलेली खूण आहे. आत्याने हात झाकला, तिच्या नातवाने बाही वर केली. हे फॅशनपेक्षा मोठे आहे.

पण उरलेला अर्धा आक्षेप गंभीर आहे. टॅटू आता सभ्य झाला, असे म्हणतात. क्रिकेटपटूंच्या हातावर आहे, नटांच्या मानेवर आहे, कंपन्यांतही चालतो. कोणता चालतो, ते मात्र कुणी सांगत नाही. मुलाखतीच्या खोलीत वाघ, पिसारा किंवा देवाचे नाव ही 'आवड' ठरते. निळ्या अक्षरांतले 'जयभीम' दिसले की आडनाव विचारायची गरजच उरत नाही. संविधानाचे कलम १६ सरकारी नोकरीत समान संधी देते. खासगी कंपनीच्या त्या खोलीत ते आपल्या मदतीला येत नाही. तिथला नियम लिहिलेला नसतो, म्हणून त्याविरुद्ध अपीलही करता येत नाही.

लिहिलेल्या नियमाची गोष्ट वेगळी. अकोल्यात आमच्या अभ्यासिकेतला एक मुलगा निमलष्करी दलाच्या भरतीची तयारी करत होता. पहाटे चारला उठून धावायचा. चौदा एप्रिलला त्याने उजव्या हाताच्या आतल्या बाजूला 'भीम' गोंदवले. या दलांच्या वैद्यकीय नियमांत गोंदण डाव्या हाताच्या आतल्या बाजूला आणि ठरावीक आकारापर्यंतच चालते, कारण उजवा हात सलामीचा. धावण्यात पास झालेला मुलगा वैद्यकीय तपासणीत घरी आला. यात दोष भीमनामाचा नाही. भरतीची जाहिरात आम्ही त्याच्यासोबत बसून वाचली नाही, हा दोष आमचा. याच देशाच्या सैन्याचे नियम आदिवासींचे पारंपरिक गोंदण त्यांच्या रूढीप्रमाणे मान्य करतात, म्हणजे आमच्या मेळघाटातल्या कोरकू मुलालाही दार उघडे आहे. नियम माणसेच लिहितात आणि ते बदलतातही. पण बदलायला आधी वाचावे लागतात.

म्हणून तरुणांना दोनच गोष्टी सांगतो. सुईखाली हात देण्याआधी ज्या नोकरीची तयारी करता तिची नियमावली वाचा. आणि 'ते टॅटू झाकून ये' असे कुणी मुलाखतीत म्हटले, तर तारीख, वेळ आणि शब्द लिहून ठेवा, कार्यकर्त्यांना सांगा. एकेकट्याने गिळलेला अपमान कुठेच नोंदला जात नाही. आत्याच्या बाहीखाली तीस वर्षे तेच झाले.

आजी गेली तेव्हा तिचे गोंदण खरेच तिच्यासंगे गेले. आपल्या हातावरचे नाव आपल्यासोबत जाईल. आपण शिकून, संघटित होऊन जे उभे करू ते मात्र इथेच राहील, पुढच्यांसाठी.

जयभीम!