हायझ (सॉफ्टवेअर)

हायझ हे गणितातील इष्टतमीकरणाचे प्रश्न सोडवणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. त्याचा विकास प्रामुख्याने स्कॉटलंडमधील एडिनबरा विद्यापीठात झाला. रेखीय प्रोग्रामिंग, मिश्र-पूर्णांक रेखीय प्रोग्रामिंग आणि बहिर्वक्र वर्गीय प्रोग्रामिंग या तीन प्रकारचे प्रश्न त्याद्वारे सोडवता येतात. ते सी प्लस प्लस या भाषेत लिहिलेले असून एमआयटी परवान्याखाली वितरित केले जाते.

इतिहास
हायझचा मूळ गाभा छी हुआंगफू आणि ज्युलियन हॉल यांनी द्वैत सिंप्लेक्स पद्धतीवर केलेल्या संशोधनातून तयार झाला. लुकास शोर्क यांनी अंतर्बिंदू पद्धतीचा भाग विकसित केला. हॉल, इव्हेट गालाबोवा, हुआंगफू आणि शोर्क यांच्या नावांतील अक्षरांवरून सॉफ्टवेअरचे नाव पडले. मिश्र-पूर्णांक प्रश्नांसाठीचा भाग लिओना गॉटवाल्ड यांनी लिहिला.

कार्यपद्धती
प्रत्येक प्रश्नात चल, त्यांच्यावरील अटी आणि किमान किंवा कमाल करावयाचे उद्दिष्ट फल असते. प्रथम पूर्वप्रक्रियेत अनावश्यक अटी व चल काढून प्रश्न लहान केला जातो. त्यानंतर सिंप्लेक्स किंवा अंतर्बिंदू पद्धत वापरली जाते. प्रत्यक्षातील मोठ्या प्रश्नांच्या सारणीत बहुतेक घटक शून्य असतात. अशा विरल सारण्या हाताळण्यावर हायझचा भर आहे.

काही चल पूर्णांकच असावे लागतात. उदाहरणार्थ, मालवाहतुकीस ३.४ ट्रक लागतात, असे उत्तर निरुपयोगी असते. ते नुसते पूर्णांकात बदलल्यास अटींचा भंग होऊ शकतो किंवा खर्च अकारण वाढतो. म्हणून ‘३ किंवा कमी’ आणि ‘४ किंवा अधिक’ अशा दोन शाखा करून त्या स्वतंत्रपणे तपासल्या जातात. सापडलेले सर्वोत्तम उत्तर आणि सिद्ध झालेली सीमा यांतील सापेक्ष अंतर ०.०१ टक्क्यापर्यंत खाली आले, की अन्य सूचना नसल्यास शोध थांबतो.

वापर
पायथॉन, जुलिया, आर, सी शार्प इत्यादी भाषांतून हायझ वापरता येते. पायथॉनमधील सायपाय या ग्रंथालयाच्या १.९ आवृत्तीपासून (२०२२) रेखीय प्रोग्रामिंगसाठी हायझ हीच मूलनिर्धारित पद्धत आहे. विद्युत व ऊर्जा प्रणालींच्या नियोजनासाठीच्या पायप्सासारख्या मुक्त प्रतिमानांतही ते वापरले जाते.

महत्त्व व मर्यादा
ऊर्जा किंवा वाहतुकीविषयीच्या सार्वजनिक निर्णयांमागे अशी आकडेमोड असते. प्रतिमान खुले असले, तरी ते सोडवणारे सॉफ्टवेअर महागडे असल्यास इतरांना निष्कर्ष पडताळणे अवघड जाते. हायझमुळे विद्यार्थी, लहान संस्था व नागरिक यांनाही अशी पडताळणी विनाशुल्क करता येते. एमआयटी परवान्यामुळे व्यावसायिक वापरासही मुभा आहे. मात्र स्वामित्वहक्काची सूचना कायम ठेवावी लागते.

मोठ्या व अवघड मिश्र-पूर्णांक प्रश्नांत आघाडीची व्यापारी सॉफ्टवेअरे सामान्यतः अधिक वेगवान ठरतात. सर्वसाधारण अरेखीय प्रश्न हायझच्या कक्षेबाहेर आहेत.