लस कोणाची?

१८ जानेवारी २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक डॉ. तेद्रोस ह्यांनी जगापुढे दोन आकडे ठेवले. तोवर ४९ सधन देशांत कोविड-प्रतिबंधक लसीचे ३ कोटी ९० लाखांहून अधिक डोस टोचून झाले होते आणि एका अतिगरीब देशात टोचले गेले होते फक्त २५. पंचवीस लाख नव्हे, पंचवीस हजारही नव्हे, नुसते पंचवीस! महामारी जाहीर होऊन वर्षही उलटले नव्हते. इतक्या अल्पावधीत लस सिद्ध करणे हा विज्ञानाचा पराक्रमच होय. परंतु कुपीतील लस दंडापर्यंत पोहोचायची तर वाटेत राष्ट्रांच्या सीमा ओलांडाव्या लागतात, आणि तेथेच सारे घोडे अडले.

ह्याची चाहूल कोणाला लागली नव्हती असे नाही. एप्रिल २०२० मध्येच 'कोव्हॅक्स' ही योजना आखण्यात आली होती. सर्व राष्ट्रांनी एकत्र येऊन लस खरेदी करावी, लोकसंख्येच्या प्रमाणात ती वाटून घ्यावी आणि २०२१ च्या अखेरीपर्यंत २०० कोटी डोस पोहोचवावेत, अशी ती उदात्त कल्पना. पण ज्या श्रीमंत देशांनी एका हाताने ह्या योजनेवर सह्या केल्या, त्यांनीच दुसऱ्या हाताने औषध कंपन्यांशी स्वतंत्र करार केले. कॅनडाने तर आपल्या लोकसंख्येच्या कित्येक पट डोस राखून ठेवले. कोव्हॅक्सची थैली भरेपर्यंत बाजारातील माल आधीच बोलला गेला होता.

श्रीमंतांचे तरी आपापसात जमले काय? ब्रिटनने ८ डिसेंबर २०२० रोजी लसीकरण सुरू केले. सत्तावीस देशांची खरेदी एकत्र करणाऱ्या युरोपीय संघाला २७ डिसेंबर उजाडला, आणि पुढेही त्याची गती मंदच राहिली. अशातच २२ जानेवारीला ॲस्ट्राझेनेका कंपनीने संघाला कळवले की ठरलेले डोस वेळेवर देता येणार नाहीत. ब्रिटनचा पुरवठा मात्र चालू होता. ब्रिटनने आमच्याशी तीन महिने आधी करार केला, असे कंपनीच्या प्रमुखांचे उत्तर. त्यावर संघाच्या आरोग्य आयुक्त स्टेला किरियाकिडीस कडाडल्या : जो आधी येईल त्याला आधी, हा न्याय कोपऱ्यावरच्या खाटकाच्या दुकानात चालत असेल, आमच्या करारात नाही. मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा धनी शेवटी आलेल्या मजुरालाही पुरती मजुरी देतो, हे येथे सहज आठवते. मात्र आयुक्तांचा आग्रह आपल्या सत्तावीस राष्ट्रांपुरताच होता. रांगेत त्यांच्याही मागे उभ्या असलेल्यांचा उल्लेख त्या भांडणात क्वचितच झाला.

पुढे जे घडले ते अधिक शोचनीय. २९ जानेवारीला युरोपीय आयोगाने लसीच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले आणि त्याच ओघात उत्तर आयर्लंडच्या सीमेवरही हात घातला. ह्या सीमेचे मोल कॅथलिक वाचकांना वेगळे सांगायला नको. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट समाजांतील तीस वर्षांच्या रक्तपातानंतर १९९८ साली तेथे शांतता करार झाला. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावरही ती सीमा खुली राहावी म्हणून मोठ्या कष्टाने एक स्वतंत्र तह करण्यात आला होता. तो लागू होऊन महिना झाला नव्हता तोच, लसीची चोरवाट बंद करण्यासाठी त्यातील आणीबाणीचे कलम वापरण्याची घोषणा झाली. तीही डब्लिन सरकारला न विचारता! बेलफास्ट, डब्लिन, लंडन, सर्वत्र संतापाची लाट उसळली आणि काही तासांतच ती घोषणा मागे घ्यावी लागली. ४ मार्चला इटलीने ऑस्ट्रेलियाकडे निघालेले अडीच लाख डोस रोखले. त्याला मात्र आयोगाची संमती होती.

हीच ऑक्सफर्डची लस आपल्या पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटच्या कारखान्यात 'कोव्हिशील्ड' ह्या नावाने तयार होत होती, आणि कोव्हॅक्सची सर्वांत मोठी भिस्त ह्याच एका कारखान्यावर होती. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी कोव्हॅक्सची पहिली खेप घानाच्या राजधानीत उतरली, ती पुण्याचीच होती : सहा लाख डोस. पण तेथेही गरिबांमागे श्रीमंत उभेच होते. ब्रिटनने पुण्याकडे एक कोटी डोस मागितले आणि पन्नास लाख नेलेसुद्धा. दक्षिण आफ्रिकेला एका डोससाठी सव्वापाच डॉलर मोजावे लागले, तर युरोपीय संघाला तोच डोस सव्वादोन डॉलरच्या आत पडत होता. संशोधनाला आधी पैसा युरोपने पुरवला, असे त्याचे कारण सांगण्यात आले. व्यापाराच्या दृष्टीने ते बिनचूक असेलही.

मग आपल्याकडे दुसरी लाट आली. मार्चच्या अखेरीस भारताने निर्यात थांबवली. तोवर सुमारे ६ कोटी ६० लाख डोस बाहेर गेले होते. मे महिन्यात देशात दिवसाला चार लाखांवर रुग्ण सापडत होते, प्राणवायूवाचून माणसे तडफडत होती. अशा वेळी कोणते सरकार आपल्या लोकांना पाठ दाखवून जहाजे भरील? ह्या निर्णयाला सरसकट स्वार्थ म्हणणे मला अन्यायाचे वाटते. घरात मूल तापाने फणफणले असताना आई शेजाऱ्याला औषधाची बाटली देत नाही. पण ज्यांच्या कपाटात दहा बाटल्या होत्या, त्यांना हे समर्थन लागू पडत नाही. आफ्रिकेतील आरोग्यसेवकांचा पहिला डोस झाला आणि दुसऱ्याची वाट पाहण्यात महिने गेले. कोव्हॅक्ससाठीची आपली निर्यात नोव्हेंबरमध्ये पुन्हा सुरू झाली. योजनेचा शंभर कोटीवा डोस पोहोचला जानेवारी २०२२ मध्ये. उद्दिष्टाच्या निम्माच, तोही उशिरा.

लसीचे सूत्रच खुले करावे, अशी मागणी भारत व दक्षिण आफ्रिका ह्यांनी २ ऑक्टोबर २०२० रोजीच जागतिक व्यापार संघटनेपुढे ठेवली होती. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२० च्या नाताळ-संदेशात लस सर्वांसाठी असावी असे आवाहन केले आणि मे २०२१ मध्ये पेटंट हक्क तात्पुरते स्थगित करण्यास स्पष्ट पाठिंबा दिला. काहींना हे धर्मगुरूने राजकारणात पडणे वाटले. परंतु खाजगी मालमत्तेवर समाजाचे एक गहाण असते, हे पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी कितीतरी आधी सांगितले होते. पोप फ्रान्सिस ह्यांनी ते लसीला लावले इतकेच. अमेरिकेने ५ मे २०२१ रोजी मागणीला अनुकूलता दर्शवली, जर्मनीने विरोध केला, आणि वीस महिन्यांच्या घासाघिशीनंतर १७ जून २०२२ रोजी एक पातळ केलेला ठराव संमत झाला.

एव्हाना टंचाईच संपली होती. मलावी ह्या गरीब देशाला आफ्रिकी संघामार्फत मिळालेले डोस मुदत संपायला जेमतेम अठरा दिवस उरले असताना हाती आले होते. खेड्यापाड्यांत ते पोहोचवणार कसे? उरलेले १९,६१० डोस मे २०२१ मध्ये भट्टीत जाळण्यात आले. आणि ज्या पुण्याच्या लसीसाठी देशोदेशीची सरकारे ताटकळली होती, तेथे डिसेंबर २०२१ पासून कोव्हिशील्डचे उत्पादन थांबले. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीच्या प्रमुखांनीच सांगितले की मुदत उलटलेले सुमारे दहा कोटी डोस टाकून द्यावे लागले.