माळवद (बारामती–इंदापूर भागातील घरबांधणीची परिभाषा)

लाकडी सांगाड्यावर मातीचा जाड थर देऊन केलेले सपाट छप्पर, आणि त्यावरून असे घरही. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेत येतात. पश्चिमेकडच्या, भरपूर पावसाच्या मावळात उतरत्या कौलांशिवाय निभाव लागत नसे. इकडे पाऊस बेताचा आणि ऊन कडक, म्हणून मातीचे छप्पर टिकले व घरही गार राहिले.

या बांधणीचे मूळ माप खण. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. सोपा, म्हणजे घराचा पुढचा भाग, किती खणांचा यावरून घराची ऐपत कळे. खणाची रुंदी लाकडाच्या लांबीने ठरे. इथले हक्काचे लाकूड बाभूळ आणि कडुनिंब. बाभूळ चिवट, पण लांब व सरळ क्वचितच मिळते. त्यामुळे खांब जवळजवळ उभे करावे लागत. सागवान बाहेरून आणावे लागे, ते ऐपतदारांच्या घरात दिसते. बारामतीत कऱ्हेकाठचा बाबूजी नाईकांचा वाडा हा पेशवाईतील सरदारी बांधकामाचा नमुना. गावातले साधे माळवद समजून घ्यायला मात्र सोप्यातच उभे राहून वर पाहावे.

खांब दगडी उथळ्यावर उभा राहतो, म्हणजे त्याला जमिनीची ओल लागत नाही. खांबांवर तुळई, तुळयांवर आडवे सर, सरांवर किलचण, म्हणजे फांद्यांच्या किंवा चिरफळ्यांच्या बारीक काटक्या. तिच्यावर कडुनिंबाचा पाला अंथरतात, कारण त्याने वाळवी दूर राहते असा अनुभव. वर चिखलाचा थर आणि शेवटी पांढरी माती. काटक्यांऐवजी फळ्या घट्ट बसवल्या की तो कडीपाट. उजेडासाठी व धूर जाण्यासाठी छपराला ठेवलेले भोक म्हणजे सवणे, आणि पाणी भिंतीपासून दूर टाकणारी ती पन्हळ. मृगाच्या आधी माळवदावर नवी माती पसरून ती चोपणे हे दरवर्षीचे काम; ते चुकले की घर गळू लागते.

पांढरी माती गावठाणातली. शेतीची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, ही विभागणी देशावर सर्वत्र आहे. भिंतीही याच मातीच्या, उन्हात वाळवलेल्या भेंड्यांच्या. जोते मात्र काळ्या दगडाचे. चुना शेतातल्या चुनखडीचा. भाजून, भिजवून, वाळूसह घाणीत मळलेला. मातीच्या भिंतीची मर्यादा उजनी धरणाने दाखवली. 1980 मध्ये धरण पूर्ण झाले आणि भीमाकाठची इंदापूरची गावे पाण्याखाली गेली. बुडालेल्या मातीच्या भिंती विरघळतात. पळसदेवचे जुने दगडी मंदिर मात्र पाणी ओसरले की अजून उघडे पडते.

लाकूड मात्र पुन्हा वापरता येते. तुळई व खांब कुसू आणि खाच यांनी जोडलेले असतात, खिळे कमी. म्हणून सांगाडा खोलून दुसरीकडे उभारता येतो. जागा वेगळी आणि इमला वेगळा हा भेद जुन्या व्यवहारांत यामुळेच महत्त्वाचा ठरतो: जमीन न विकता नुसता इमला विकता येई.

1885 च्या सुमारास नीरेचा डावा कालवा सुरू झाल्यावर बारामतीकडे ऊस वाढला आणि बांधकामात पाचट आले. ऊसतोड मजुरांच्या कोप्या पाचटानेही शाकारतात. पुढे सिमेंट-सळई आल्यावर खणाऐवजी कॉलम आला, माळवदाच्या जागी स्लॅब. गज-तसूची मापे (24 तसूंचा 1 गज) मागे पडली. सुतार आता इंच-सूत वापरतो (8 सूत म्हणजे 1 इंच), लाकूड घनफुटावर आणि वाळू-खडी ब्रासवर विकली जाते (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट). गवंड्याच्या तोंडी जोते, गिलावा, ओळंबा, थापी हे शब्द मात्र तसेच आहेत, कारण काँक्रीटच्या घरालाही तीच कामे लागतात. सवणे, किलचण, उथळे यांना नव्या घरात कामच उरलेले नाही. जुना सोपा पाडताना हे भाग त्यांच्या नावांसह नोंदवायला हवेत, आणि ज्यांनी स्वतः माळवद चोपले ते वयस्कर सुतार-गवंडी आहेत तोवरच.