बिडी, बाई आणि सरकार

भंडारा जिल्ह्यात ओसरीवर सूप घेऊन बिड्या वळणारी बाई अर्थशास्त्राच्या ग्रंथांत क्वचितच भेटते. पण व्यक्तीचे स्वातंत्र्य मोठे की सरकारचे नियमन, हा वाद तिच्या सुपातच आहे.

1948 साली मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने एक कायदा केला. आपला जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. शेतीला मजूर कमी पडू नयेत म्हणून हंगामात ठराविक गावांत बिड्या वळण्यास बंदी घालण्याचा अधिकार सरकारला मिळाला. 1950 मध्ये सागर जिल्ह्यात तो वापरला गेला. शेतावर जाऊ न शकणाऱ्या म्हाताऱ्या बायका आणि पंगू माणसे यांचीही कमाई त्याने बुडाली. कारखानदाराला शेजारगावचे मजूरही आणता येईनात. चिंतामणराव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 1950 रोजी ही बंदी घटनेतील व्यवसायस्वातंत्र्याविरुद्ध म्हणून रद्द ठरविली.

स्वातंत्र्यवाद्यांचा हा विजय खराच. पण काम करण्याची मोकळीक मिळाली, म्हणून ठेकेदारापुढे बाईच्या शब्दाला वजन आले काय? घरी बसून बिड्या वळणारीला देशभर कामगार म्हणून मान्यता मिळण्यास 1966 चा केंद्रीय कायदा यावा लागला.

तेव्हा सरकारने तिच्या हातचे सूप हिसकावू नये. बिड्यांची मोजणी मात्र चोख होते की नाही, हे जरूर पाहावे.