अलिंदाचे कंपन आणि हृदयाची बदलती रचना : एका कार्यकारणभावाचा इतिहास

हृदयाचे वरचे कप्पे, म्हणजेच अलिंदे, नियमित आकुंचन न पावता नुसती थरथरत राहतात, त्या विकारास एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. अशा रुग्णांचे डावे अलिंद पुष्कळदा मोठे झालेले आढळते. ते मोठे झाले म्हणून थरथरते, की थरथरते म्हणून मोठे होते? या प्रश्नाचा इतिहास पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१९०९ मध्ये लंडनच्या थॉमस लुईस यांनी विद्युत्-हृदयालेखाच्या आधारे रुग्णांच्या अनियमित नाडीचा संबंध अलिंदाच्या कंपनाशी जोडला. त्या काळी अशा अनेक रुग्णांची झडप संधिवाती तापाने अरुंद झालेली असे. झडपेमागे रक्त तुंबून अलिंद फुगते, हे उघड होते. साहजिकच ‘आधी रचना बिघडते, मग ताल’ हा क्रम फारसा कोणास खटकला नाही. पुरावा खोटा नव्हता, अपुरा होता.

१९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात १५ रुग्णांची सोनोग्राफी सुमारे २१ महिन्यांच्या अंतराने दोनदा करण्यात आली. डाव्या अलिंदाचे सरासरी आकारमान ४५ घनसेंटिमीटरवरून ६४ वर गेले होते. कंपन आधीच होते. वाढ नंतरची होती.

निर्णायक पुरावा मात्र नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथील शेळ्यांनी दिला. मॉरिट्स अॅलेसी, वाइफेल्स व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये शेळ्यांच्या अलिंदात यंत्राद्वारे पुनःपुन्हा कंपन सुरू केले. प्रारंभी ते काही सेकंदांत आपोआप थांबे. पुढे पुढे ते लांबत गेले आणि ११ पैकी १० शेळ्यांमध्ये २४ तासांहून अधिक टिकू लागले. कंपनच कंपनास जन्म देते, हा त्यांचा निष्कर्ष होय. ताल पूर्ववत होताच हे विद्युतीय बदल आठवड्याभरात ओसरले. रचनेचे तसे नव्हते. १९९७ मध्ये याच प्रयोगपरंपरेत पेशींतील आकुंचनशील तंतू नष्ट झालेले व त्यांच्या जागी ग्लायकोजेन साचलेले दिसले. २००३ मधील निरीक्षणांनुसार ताल परतून चार महिने उलटल्यावरही पेशी पूर्णपणे सावरल्या नव्हत्या.

येथे उपचारांच्या वेळेचा प्रश्न उभा राहतो. २००२ च्या ‘अफर्म’ चाचणीत ४,०६० रुग्णांमध्ये ताल पूर्ववत ठेवण्याने आयुर्मान वाढल्याचे दिसले नाही. उलट २०२० च्या ‘ईस्ट’ चाचणीत, निदानापासून वर्षाच्या आत असलेल्या २,७८९ रुग्णांत, लवकर तालनियंत्रण केलेल्या गटात हृदयविकारजन्य मृत्यू, पक्षाघात आदी घटना एकत्रितपणे कमी आढळल्या. अर्थात, हा लाभ अलिंदाची रचना टिकल्यामुळेच झाला, असे या चाचणीने सिद्ध केलेले नाही.