नागरी कचरा व नगरपालिकांचे दंडाधिकार

नागरी कचरा व नगरपालिकांचे दंडाधिकार : सार्वजनिक रस्ता, नाला, तलाव, नदीपात्र किंवा पडीक जमीन अशा ठिकाणी परवानगीवाचून केरकचरा, राडारोडा वा घाण पाणी टाकणाऱ्यास शासन करण्याचा, तसेच ती घाण दूर करण्याचा नागरी स्थानिक संस्थांचा अधिकार. महाराष्ट्रात या अधिकाराचा इतिहास सु. पावणेदोनशे वर्षांचा आहे. या काळात कायद्यांची उणीव क्वचितच भासली. दंड करणारी संस्था स्वतःच अनेकदा सर्वांत मोठी कचरा टाकणारी ठरली, ही खरी अडचण होय.

खानदेशातील खेड्यांत पूर्वी प्रत्येक घराचा उकिरडा असे. शेण, राख, पाचोळा व केर त्यावर साठवून त्याचे खत शेतात जाई. त्यामुळे टाकाऊ असे थोडेच उरे. मैला वाहणे व मेलेली जनावरे ओढणे ही कामे मात्र जातिव्यवस्थेने विशिष्ट जातींवर लादली होती. जुन्या गावगाड्यातील स्वच्छतेचे कौतुक करताना या बाजूचा विसर पडू नये.

रेल्वे व कापसाचा व्यापार यांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही घडी मोडली. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) जळगाव ही कापसाची मोठी पेठ बनली. धुळे येथे १८६२ मध्ये व जळगाव येथे १८६४ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. १८५० च्या सव्विसाव्या अधिनियमाने गावांना कर बसवून स्वच्छतेचे नियम करण्याची मुभा आधीच दिली होती. पुढे मुंबई इलाख्यातील १८७३ व १९०१ च्या जिल्हा नगरपालिका अधिनियमांनी या अधिकारांना निश्चित रूप दिले. जळगावला नळाने पाणी येई ते सु. ३ किमी. अंतरावरील मेहरूण तलावातून. बोरांच्या बागांसाठी ख्याती पावलेल्या या गावाचा तलाव अशा रीतीने शहराच्या आरोग्याशी जोडला गेला. तलावात घाण टाकणे हा आता केवळ मेहरूणकरांचा प्रश्न उरला नाही.

भारतीय दंड संहितेने (१८६०) सार्वजनिक झरा वा जलाशय दूषित करणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रु. पर्यंत दंड सांगितला, तर सामान्य सार्वजनिक उपद्रवास २०० रु. दंडाची मर्यादा घातली. हे आकडे १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता अंमलात येईपर्यंत तसेच राहिले. एके काळी जबर असलेली ही रक्कम रुपयाचे मोल घसरल्यामुळे नाममात्र होऊन गेली. १८९६ नंतरच्या प्लेगात स्वच्छतेच्या नावाखाली घरांची सक्तीने झडती घेतली गेली आणि लोकांत मोठा असंतोष पसरला. स्वच्छता म्हणजे सरकारचा जुलूम, ही भावना त्या काळात रुजली असल्यास नवल नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाने (१९६५) रस्त्यांची सफाई व उपद्रवांचे निवारण ही नगरपरिषदांची बंधनकारक कर्तव्ये ठरविली. कर्तव्य न बजावणाऱ्या पालिकेचे काय करावे, याचे स्पष्ट उत्तर मिळाले ते रतलाम नगरपालिका खटल्यात. माळव्यातील या शहराच्या एका भागात गटारे नव्हती. शौचालयांच्या अभावी लोक उघड्यावर बसत आणि मद्यार्काच्या कारखान्याचे दुर्गंधीयुक्त पाणी रस्त्यावर साचे. रहिवाशांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली दंडाधिकाऱ्याकडे दाद मागितली. पैसा नाही, असा बचाव पालिकेने केला. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये तो फेटाळला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालानुसार निधीची टंचाई ही वैधानिक कर्तव्यातून सुटण्याची सबब होऊ शकत नाही. नागरिकांस दंड करणारी पालिका येथे प्रथमच स्वतः आरोपीच्या जागी उभी राहिली, असे म्हणता येईल.

इंग्लंडमध्ये १९७२ साली नन्ईटनजवळ सायनाइडची पिंपे सापडल्यानंतर विषारी कचऱ्याविषयी तातडीने कायदा झाला आणि पुढे कचरा वाहून नेणाऱ्यांची नोंदणीही सक्तीची झाली. आपल्याकडे ट्रॅक्टरमधून रात्री टाकला जाणारा बांधकामाचा राडारोडा २०१६ पर्यंत स्वतंत्र नियमांच्या कक्षेत नव्हता.

अलमित्रा पटेल यांच्या १९९६ मधील याचिकेतून घनकचऱ्याचे २००० चे नियम आले. ३१ डिसेंबर २००३ पर्यंत कचऱ्यावरील प्रक्रियेची सोय करावी, असे त्यांत बजावले होते. जळगावची महानगरपालिका त्याच वर्षी झाली. ही मुदत देशभर बहुतेक शहरांनी पाळली नाही. शहराचा कचरा हद्दीबाहेर किंवा कडेच्या शिवारात नेऊन ओतण्याची रीत चालूच राहिली. पुण्याचा कचरा अनेक वर्षे उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांनी सोसला. जळगावची प्रक्रियेची जागा आव्हाणे शिवारात आहे. ज्या गावकऱ्यांना त्या पालिकेत मताधिकार नाही, त्यांच्या दारी ढीग साचतो, हा यातील अन्याय दंडाच्या कोणत्याही तक्त्यात बसत नाही. २०१६ च्या नियमांनी वर्गीकरण, जागेवर दंड व जुन्या ढिगांचा निचरा या गोष्टी सक्तीच्या केल्या. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रु. व मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रु. भरपाई ठरविली. राज्याच्या प्लास्टिकबंदीने (२०१८) पहिल्या गुन्ह्यास ५,००० रु. दंड लावला.

लवादाने सप्टेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनावरच सु. १२,००० कोटी रु. पर्यावरणीय भरपाई आकारण्याचा आदेश दिला. तिचा मोठा भाग प्रक्रियेविना सोडलेल्या सांडपाण्यापोटी होता. अशी रक्कम अखेर करदात्यांच्याच तिजोरीतून यावयाची असते. कारागृहाची भीतीही ओसरत चालली आहे. २०२३ च्या जनविश्वास अधिनियमाने पर्यावरण संरक्षण अधिनियमातील कैदेऐवजी आर्थिक दंडाची तरतूद केली. मेहरूण तलावावर आज जळगावचे गणेशविसर्जन होते. तेथे काठावर वा पाण्यात पडणारे निर्माल्य वेळेत उचलणे हे पालिकेचे काम असते. ते ती करीत नसेल, तर भक्ताला दंडाची पावती देण्याचा तिचा अधिकार पोकळ ठरतो.